रक्तातलं शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक: तपासणी नीट कशी करायची, नळीपासून वस्तीपर्यंत

गणपतीच्या आधीचे दोन महिने लालबाग-परळच्या मूर्तिशाळांत रात्रभर रंगकाम चालतं. अशाच एका मूर्तिशाळेतल्या रंगाऱ्याला डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, नखांत आणि बोटांच्या पेरांत रंग तसाच घेऊन, आमच्या प्रयोगशाळेत आला. रक्त घेणारी मुलगी नवीन होती. तिने स्पिरिटचा बोळा फिरवला, बोटाला टोचलं आणि थेंब घेतला. आकडा निघाला डेसिलिटरमागे ३१ मायक्रोग्रॅम. त्याच्या घरी त्या रात्री कोणी जेवलं नाही. आठवड्याने त्याला सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बोलावलं आणि शिरेतून रक्त घेतलं. आकडा आला ९.

९ हा आकडाही सोडून देण्यासारखा नाही, आणि त्यावर पुढे काम झालं. पण रक्तातलं शिसं निम्म्यावर यायला साधारण महिनाभर लागतो, आठवड्यात ते ३१ वरून ९ वर येत नाही. मधले २२ त्याच्या रक्तात नव्हतेच. ते त्याच्या बोटाच्या कातडीवर होते.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की धातूंची तपासणी यंत्रात क्वचित चुकते. ती चुकते यंत्राच्या आधी: चुकीचा धातू, चुकीचा नमुना, चुकीची वेळ, चुकीची नळी. म्हणून हा लेख यंत्रापेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टींवर जास्त थांबतो. रक्त देणाऱ्याने, घेणाऱ्याने आणि एखाद्या वस्तीत पाहणी करू पाहणाऱ्या संस्थेने, तिघांनीही तो वाचावा.

पहिली पायरी: नेमका कोणता धातू, आणि का?

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली वीस-बावीस धातूंची यादी असते. ती घेऊ नका. वीस गोष्टी मोजल्या की एखादी तरी जरा वर निघतेच, आणि मग माणूस महिनाभर त्या एका ठळक अक्षरातल्या आकड्यामागे पळतो. आधी तुमच्या आयुष्यात धातू कुठून येऊ शकतो ते पाहा आणि त्यानुसार एक किंवा दोन धातू निवडा.

मुंबईत मी विचारते ते प्रश्न असे. काम काय? जुन्या बॅटऱ्या फोडणं, भंगार वितळवणं, सोल्डरिंग, रंग खरवडणं, लोखंडी ग्रिलला प्रायमर मारणं असेल तर शिसं. झवेरी बाजार, काळबादेवीच्या गाळ्यांत दागिने जोडण्याचं काम असेल तर कॅडमियम. 'केडीएम' म्हणून आपण ज्या सोन्याला ओळखतो त्यातली अक्षरं कॅडमियमवरूनच आली. जोड देताना कॅडमियम वाफ होऊन उडतं आणि ते कारागिराच्या छातीत जातं, म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने ते बंद करायला सांगितलं. तरीही जुना माल आणि जुनी सवय गाळ्यात टिकून राहते. निकेल-कॅडमियम बॅटरी आणि काही प्लेटिंगच्या कामातही तेच. सिगारेट-बिडी ओढता का? तंबाखूत कॅडमियम असतं. मासे कुठले आणि आठवड्यातून किती वेळा? मोरी, कुपा, मोठी सुरमई असे दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे रोज ताटात असतील तर पारा. तारली, बांगडा, मांदेली, बोंबील यांच्याबाबत ती काळजी फार कमी.

घरातले प्रश्न वेगळे, आणि मुलांच्या बाबतीत तेच महत्त्वाचे. देवघरातला शेंदूर मुलाच्या हाताला लागतो का? पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे, त्याचा तो केशरी-लाल रंग शिशामुळेच येतो. भांगात भरायच्या सिंदूराचे न्यू जर्सी आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेले नमुने तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ७८ टक्क्यांत शिसं सापडलं. मुलाच्या डोळ्यात सुरमा घालता का? काही सुरम्यांत शिशाचा सल्फाइड असतो. पितळी भांड्यांना कल्हई कोणाकडून करता? शुद्ध कथलाची कल्हई चांगलीच, पण स्वस्तासाठी कथलात शिसं मिसळलं जातं. बाळाला कुठून आली ते धड माहीत नसलेली गुटी किंवा गोळी देता का? जुन्या चाळीत दार-खिडक्यांचे पोपडे निघतात का, शेजारी तोडफोड सुरू आहे का? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर भिंतीवर तसेच आहेत, आणि कारखानी रंग त्या नियमात येतच नाहीत. कोळीवाड्यात जाळ्याची शिशाची वजनं घरीच वितळवून ओतत असाल तर मुलांची तपासणी आधी करा.

औषधांचं वेगळं विचारावं लागतं, कारण लोक ती 'औषध' म्हणून सांगतच नाहीत. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, रससिंदूर पाऱ्याचं. ही औषधं देणाऱ्याला त्यातला धातू माहीत असतो, घेणाऱ्याला बहुधा नसतो. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ७० पैकी १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. तेव्हा डबी, पुडी, काय असेल ते सोबत आणा. नुसतं 'संधिवाताचं घेतो' एवढ्यावरून काही कळत नाही.

आर्सेनिकबद्दल एक खुलासा. पश्चिम बंगालमध्ये ते भूजलातून येतं. मुंबईचं नळाचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं आहे, त्यामुळे इथे आर्सेनिकची शंका पाण्यापेक्षा औषध, काम किंवा बोअरवेलवरून घ्यावी.

दुसरी पायरी: रक्त की लघवी?

'रक्तातले जड धातू' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी चारही धातू रक्तातच शोधायचे नसतात.

शिसं रक्तातच मोजायचं, आणि तेही संपूर्ण रक्तात. रक्तातल्या शिशाचा जवळजवळ ९९ टक्के भाग तांबड्या पेशींत असतो. कोणी सीरम (गोठलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) वेगळं करून त्यात शिसं मोजून दिलं असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

पाऱ्याचं दोन प्रकारे पाहावं लागतं. माशांतून येणारा मिथाइल पारा रक्तात दिसतो. थर्मामीटर, दाताचं जुनं चांदीचं सिमेंट, सोनारकाम, रसौषधी यांतून येणारा पारा मूत्रपिंडात साठतो, तो लघवीत पाहायचा.

कॅडमियम रक्तात मोजलं की गेल्या काही महिन्यांचा हिशेब मिळतो. आयुष्यभर मूत्रपिंडात किती साठलं याचा अंदाज लघवीतून येतो. वीस वर्षं गाळ्यात काम केलेल्या कारागिराच्या दोन्ही तपासण्या कराव्यात.

आर्सेनिक रक्तातून काही तासांतच निघून जातं. विषप्रयोगाची ताजी शंका असेल तर रक्त घ्या. बाकी सगळीकडे लघवी, आणि तीही प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. त्याचं कारण पुढच्याच पायरीत आहे.

केसांची तपासणी मिथाइल पाऱ्यासाठी उपयोगी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे गेल्या महिन्यांचा माग त्यात राहतो. बाकी धातूंसाठी मात्र ती एकेका माणसाबाबत भरवशाची नाही, कारण बाहेरची धूळ आणि केसांचा रंग त्यात मिसळतात. आणि 'आधी गोळी देऊ, मग लघवीत किती धातू बाहेर पडतो ते मोजू' असं सांगणाऱ्याकडून उठून या. धातू बांधणारं औषध दिलं की निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतो. त्या आकड्याची तुलना करायला कुठलीच प्रमाण मर्यादा नाही. अशा रिपोर्टच्या जोरावर लोकांना महागडी आणि धोकादायक सलाइनं लावली गेलेली मी पाहिली आहेत.

तिसरी पायरी: तपासणीच्या आधीचे दिवस

शिशासाठी उपाशी राहायची गरज नाही. नेहमीचं आयुष्य जगत या, पण कामावरून थेट येऊ नका.

आर्सेनिकसाठी मात्र किमान तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, सुकट, बोंबील सगळं बंद. समुद्रातल्या जिवांत आर्सेनोबेटेन नावाचं आर्सेनिक असतं. ते शरीराला त्रास न देता लघवीतून निघून जातं, पण एकूण आर्सेनिक मोजणाऱ्या तपासणीत तेही धरलं जातं. रविवारी कोळंबीचं कालवण आणि सोमवारी तपासणी म्हणजे रिपोर्टमध्ये विषबाधा दिसायलाच हवी. ज्यांच्या घरी श्रावण पाळतात त्यांना मी सांगते, घाई नसेल तर आर्सेनिकची तपासणी श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात करा. पाऱ्याला मात्र हा सल्ला उलटा पडतो. मिथाइल पारा निम्म्यावर यायला साधारण ५० दिवस लागतात. महिनाभर मासे सोडून तपासलं तर तुमचा नेहमीचा आकडा न दिसता त्याच्या दोन तृतीयांश दिसेल. पाऱ्यासाठी नेहमीचं जेवण चालू ठेवा.

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं असेल तर त्यानंतर चार दिवस थांबा. त्यातलं गॅडोलिनियम किंवा आयोडीन यंत्राच्या मोजणीत ढवळाढवळ करतं.

चौथी पायरी: रक्त घेणं

आपण अब्जांश भाग मोजतो आहोत. डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं म्हणजे एक अब्ज भाग रक्तात सुमारे ३५ भाग. हवेतली, हातावरची, टेबलावरची धूळ याच्या कितीतरी पट शिसं घेऊन फिरते.

म्हणून रक्त कामाच्या जागी घेऊ नका. कारखान्यात शिबिर लावायचंच असेल तर ऑफिसची, पंखा बंद केलेली, पुसून घेतलेली खोली मागा आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी घ्या. माणसाने साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि स्वच्छ टिश्यूने पुसावेत. कळकट नॅपकिनला पुसले तर धुण्याचा उपयोग शून्य. लहान मुलाचे हात आईने नाही, रक्त घेणाऱ्याने धुवावेत, नखांसकट. मग अल्कोहोलचा बोळा, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. आयोडीनचं औषध लावायचं नाही. हातमोजे पावडर नसलेले.

नळीचं टोपण पाहा. सूक्ष्म धातूंसाठी गडद निळ्या टोपणाची नळी येते, पण तिच्यात दोन जाती आहेत: एक ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली, दुसरी सीरमसाठीची. टोपण दोन्हींचं निळंच. लेबल वाचून ईडीटीएवालीच घ्या, नाहीतर रक्त गोठेल आणि नमुना वाया जाईल. फक्त शिशासाठी नेहमीची जांभळ्या टोपणाची नळीही बऱ्याच प्रयोगशाळा चालवतात, पण त्या लॉटमधल्या काही नळ्या आधी तपासलेल्या असतील तरच. ही तपासणी सोपी आहे. नवा लॉट आला की चार-पाच नळ्यांत सौम्य आम्ल किंवा शुद्ध पाणी त्याच सुईतून घ्यायचं, काही तास ठेवायचं आणि यंत्रावर चालवायचं. त्यात धातू दिसला तर लॉट परत. आम्ही हे करायला लागल्यापासून परत पाठवलेल्या खोक्यांची संख्या कमी झाली नाही, पण खोट्या रिपोर्टांची नक्की झाली.

इतरही तपासण्या असतील तर धातूंची नळी सर्वांत आधी भरा. भरल्यावर ती लगेच, हळूच, आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करा. झटके देऊ नका. गुठळी झाली की तांबड्या पेशी त्या गुठळीत अडकतात, आणि शिसं त्यांच्यातच असल्याने यंत्राला मिळेल तो आकडा खोटा.

बोटातून थेंब घेणारं छोटं यंत्र वस्तीत, शाळेत चाळणी लावायला चांगलं आहे. दोन थेंब आणि तीन मिनिटं पुरतात. त्यात शिसं आधी इलेक्ट्रोडवर जमवतात, मग धन विद्युतभाराने उलट विरघळवून मोजतात. पण त्याची खालची मर्यादा ३.३ च्या आसपास आहे आणि वरची ६५. बोटाचा आकडा जास्त आला तर तो निदान म्हणून कोणालाही सांगायचा नाही. शिरेतल्या रक्ताने तो पक्का करायचा. शिरेतलं रक्त नळीत घेऊन मात्र या छोट्या यंत्राला देऊ नये. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल इशारा दिला होता, कारण तसं केल्यावर आकडे खरे असायला हवे त्याहून कमी येत होते.

पाचवी पायरी: नमुना पोचवणं

संपूर्ण रक्त फ्रीजच्या तापमानाला ठेवायचं. बर्फाच्या थेट संपर्कात नको आणि प्रयोगशाळेने सांगितल्याशिवाय गोठवायचंही नाही. जुलैत लोकल बंद पडतात, नमुना पिशवीत चार तास अडकतो. धातू त्यामुळे नासत नाही, पण रक्त फुटतं आणि गुठळ्या होतात. थंड पिशवी दोन पॅकची ठेवा, एकाची नको. लघवी आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या डबीत, सकाळची पहिली, आणि त्यासोबत क्रिएटिनिन (स्नायूंतून येऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) मोजायला सांगा. क्रिएटिनिनशिवाय लघवीतला आकडा त्या दिवशी किती पाणी प्यायलात यावर हलतो.

सहावी पायरी: प्रयोगशाळा निवडताना विचारायचे प्रश्न

मोठ्या प्रयोगशाळेत आज आयसीपी-एमएस वापरतात. रक्त २० ते ५० पट पातळ करून त्याचा तुषार आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तिथे तापमान सहा हजार अंशांच्याही वर असतं. सगळे रेणू तुटतात, अणूंवर विद्युतभार येतो आणि यंत्र त्यांना वस्तुमानाने वेगळं करून मोजतं. एका नमुन्यातून चारही धातू मिळतात. ग्रॅफाइट भट्टीची पद्धत जुनी, एका वेळी एकच धातू, पण शिशासाठी आजही चोख. दोन्हीपैकी कोणतीही चालेल, ती कोण चालवतं हे महत्त्वाचं.

आर्सेनिकचं वस्तुमान ७५. आर्गॉन ४०, क्लोरीन ३५, दोघं चिकटले की तेही ७५. रक्त खारट आहे, म्हणजे त्यात क्लोराइड भरपूर, आणि प्लाझ्मा तर आर्गॉनचाच. काळजी घेतली नाही तर यंत्र मिठालाच आर्सेनिक समजतं. यावर उपाय म्हणून अणूंच्या वाटेत हेलियम भरलेली कोठडी ठेवतात. जोडीने आलेले मोठे विद्युतभारित कण तिथे टकरा खाऊन मागे पडतात, एकटं आर्सेनिक पुढे जातं. शिशाचं वेगळं आहे. २०६, २०७, २०८ अशी त्याची वस्तुमानं असतात आणि खाणीगणिक त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. म्हणून तिन्ही मोजून बेरीज करावी लागते. एकच मोजून गुणाकार करणारी प्रयोगशाळा ऑस्ट्रेलियातल्या धातूचं शिसं आणि राजस्थानातलं शिसं यांच्यात फसू शकते. याच प्रमाणाचा पुढे उगम शोधायला उपयोग होतो.

तुम्हाला एवढं सगळं विचारायची गरज नाही. तीन प्रश्न पुरेत. ही विशिष्ट तपासणी, म्हणजे रक्तातलं शिसं, एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या यादीत आहे का? प्रयोगशाळेला मान्यता असते आणि तपासणीला नसते, असं होतं. बाहेरच्या गुणवत्ता चाचणीत भाग घेता का? म्हणजे दुसऱ्या संस्थेने पाठवलेला, आकडा लपवलेला नमुना मोजून दाखवता का? आणि किमान किती मोजू शकता? 'पाचपेक्षा कमी' एवढंच छापणारी प्रयोगशाळा मुलांसाठी उपयोगाची नाही, कारण निर्णय ३.५ वर घ्यायचा असतो.

सातवी पायरी: रिपोर्ट वाचणं

सगळ्यात आधी एकक. शिसं कुठे डेसिलिटरमागे लिहितात, कुठे लिटरमागे. फरक दहापटीचा. एक आई चेंबूरहून रडत आली होती, मुलाचा आकडा ४८. तिने वाचलं होतं की ४५ च्या वर गेलं की दवाखान्यात ठेवतात. मी रिपोर्ट हातात घेतला आणि म्हटलं, "ताई, हे लिटरमागे आहे. आपल्या हिशेबात ४.८." तिच्या मांडीवरचा मुलगा त्या वेळी बिस्कीट खात होता. ४.८ म्हणजे घर तपासायला हवं, पण दवाखान्यात दाखल करायची वेळ नाही.

दुसरं, रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा. अजूनही १० पेक्षा कमी म्हणजे ठीक, असं छापलेले रिपोर्ट येतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९१ मध्ये १० धरलं, २०१२ मध्ये ५ केलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा जास्त आलं की उगम शोधून तो बंद करायचा. यातली कुठलीही संख्या 'सुरक्षित' नाही. शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही, असंच आरोग्य संघटना सांगते. म्हणून 'रेंजमध्ये आहे' म्हणून दोन वर्षांच्या मुलाचा ८ चा रिपोर्ट कपाटात ठेवू नका.

मूल जेवढं शिसं गिळतं त्यातलं निम्म्याच्या आसपास शोषतं, मोठा माणूस दहावा हिस्सा. लोह कमी असेल तर आणखी जास्त. म्हणून शिशासोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दर वेळी तपासा.

बोटाच्या चाळणीत ३.५ ते ९ आलं तर तीन महिन्यांच्या आत शिरेतून पक्कं करा, १० ते १९ महिन्यात, २० ते ४४ दोन आठवड्यांत, ४५ किंवा वर ४८ तासांत. पोटात मुरडा, सतत बद्धकोष्ठता, उलट्या, सुस्ती, झटके असतील तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पाऱ्यासाठी रक्तात लिटरमागे ५.८ मायक्रोग्रॅम ही अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या हिशेबातून आलेली पातळी गर्भवतींनी आणि गर्भधारणेच्या वयातल्या बायकांनी लक्षात ठेवावी. कॅडमियमसाठी कामगारांच्या अमेरिकी नियमात रक्तात लिटरमागे ५, लघवीत क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा सहसा १ च्या आत असतो, ओढणाऱ्याचा वर. तो प्रश्न न विचारता कॅडमियमचा रिपोर्ट वाचूच नये.

आठवी पायरी: आकडा आल्यावर

उपचार म्हणजे आधी उगम बंद करणं. धातू बांधणारी औषधं मुलांत साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतात, मोठ्यांत त्याहूनही वर, आणि तेही विषशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीत. शिसं त्याच घरात, त्याच गाळ्यात येत राहिलं तर औषधाने उतरलेला आकडा काही आठवड्यांत परत चढतो, कारण हाडांत वर्षानुवर्षं साठलेलंही रक्तात उतरत राहतं. यामुळेच उगम बंद केल्यावरही आकडा महिनोन्‌महिने हळू उतरतो. एका महिन्यात फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका.

घरात रोज ओल्या फडक्याने पुसा, झाडूने धूळ उडवू नका. कामाचे कपडे कामावरच बदला, घरच्यांच्या कपड्यांत धुवू नका. मुलाला लोह, कॅल्शियम: पालेभाजी, नाचणी, दूध, अंडं. रंग कोरडा खरवडू नका. हळद पूड सुटी घेत असाल तर हळकुंड आणून दळा, पण फार चमकदार पिवळं हळकुंड घेऊ नका. हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग घालतात, आणि ते हळकुंडावरही चोळतात.

कामातून आलेली शिशाची, पाऱ्याची, आर्सेनिकची विषबाधा हा कायद्याने कळवायचा आजार आहे. डॉक्टरांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं, आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर कामगाराने रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवावी. मालकाकडे ठेवलेली एकच प्रत ही कामगाराची प्रत नव्हे.

वस्तीची पाहणी

एकेका माणसाचा आकडा त्याच्या घराबद्दल सांगतो, शंभर मुलांचे आकडे वस्तीबद्दल. मुंबईत हे पूर्वी झालेलं आहे. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं. तेव्हा देशात शिसं असलेलं पेट्रोल अजून विकलं जात होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. एक मोठा उगम बंद झाला तरी प्रश्न संपला नाही. २०२० च्या युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेच्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात ५ किंवा अधिक शिसं असल्याचा अंदाज दिला आहे. गोवंडी, कुर्ला, साकीनाका, धारावी या पट्ट्यांतल्या गाळ्यांशेजारी राहणाऱ्या मुलांची पाहणी परत-परत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ती करायची तर आधी संस्थात्मक नीतिसमितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती, त्यांना कळेल त्या भाषेत. 'जो येईल त्याचं रक्त' असं शिबिर करू नका. घाबरलेले आणि जवळचेच येतात, आकडा फुगतो. घरांची यादी करून ठरावीक अंतराने घरं निवडा, उदाहरणार्थ दर पाचवं. गाळ्यांपासून लांबची, तशाच उत्पन्नाची एक वस्ती तुलनेला घ्या आणि दोन्हींचे नमुने एकाच हंगामात घ्या. पावसात धूळ बसते, मे महिन्यात उडते. एक वस्ती मेमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये केली तर काय मोजलं हे सांगता येणार नाही. काही नमुने दुहेरी घ्या, काही रिकाम्या नळ्या सगळ्या प्रवासातून फिरवून आणा, आणि प्रयोगशाळेला कुठला नमुना कोणत्या वस्तीचा हे सांगू नका. आकडे मांडताना सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) किंवा भूमितीय सरासरी द्या. दोन-चार मुलांचे फार मोठे आकडे साध्या सरासरीला ओढून नेतात. किती मुलं ३.५ च्या आणि ५ च्या वर, हेही द्या.

रक्तासोबत घर मोजा. जमिनीवर ठरावीक चौकोन आखून ओल्या पुसणीने धूळ, अंगणातली वरची दोन सेंटिमीटर माती, मसाल्याच्या डब्यातली हळद (दुकानातली नाही, घरातली), देवघरातला शेंदूर-कुंकू. पाण्याबाबत पुस्तकातली रीत मुंबईत चालत नाही. पुस्तक म्हणतं, रात्रभर नळात साचलेलं पहिलं पाणी घ्या. आपल्याकडे नळाला पाणी पहाटे दोन तास. म्हणून एक नमुना पाणी येताक्षणी, एक दहा मिनिटांनी आणि एक घरातल्या पिंपातून. भारतीय पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरमागे शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, आर्सेनिकचीही तीच. कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. मुलाच्या रक्तातल्या शिशाच्या २०६ आणि २०७ या वस्तुमानांचं प्रमाण धुळीतल्या, हळदीतल्या आणि गाळ्याच्या राखेतल्या प्रमाणाशी ताडून पाहिलं, तर कोणता उगम जुळतो आणि कोणता नाही हे बरंच उमगतं.

पाहणीचा नकाशा जाहीर करताना घर ओळखू येईल इतका बारीक करू नका. गल्लीचं नाव छापलं की घरमालक भाडेकरूला काढतो आणि गाळेवाला पुढच्या गल्लीत जातो. निकाल मात्र प्रत्येक घरी द्या, बंद पाकिटात, आईच्या किंवा वडिलांच्या हातात, समोर बसून समजावून. पाकिटावर पुढच्या तपासणीची तारीख पेनाने लिहा आणि तीच तारीख आपल्या वहीत लिहा. त्या दिवशी त्याच मुलाचं रक्त, त्याच प्रयोगशाळेत, त्याच प्रकारच्या नळीत घ्या.